शिरोडा ते गोकर्ण कॅम्पर व्हॅननं: गाडी वाळूत का नको, आणि मग कुठे लावायची

निपाणीहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात पाच माणसं. नवरा-बायको, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर रजा काढून टेम्पो ट्रॅव्हलरची बनवलेली कॅम्पर भाड्यानं घ्यायची, शिरोड्याला समुद्र गाठायचा आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं गोकर्णापर्यंत जायचं. रात्री गाडी वाळूतच उभी करायची, दार उघडलं की समोर लाटा. हे जमेल का, कुठे थांबायचं, सोबत काय घ्यायचं, आणि पुढे स्वतःची गाडी बनवून घ्यावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, सहल नक्की जमेल. सासूबाईंना तर लॉजपेक्षा हीच सोयीची, कारण त्यांचा पलंग आणि त्यांचा संडास त्यांच्या सोबतच फिरतो. फक्त वाळूत गाडी लावायचं मनातून काढून टाका. माझं काम कॅम्पर गाड्यांच्या आतल्या बांधणीचं. बेळगावच्या उद्यमबागेत गाड्या तयार होतात आणि थंडी पडली की त्यांतलीच एखादी घेऊन आम्ही घरची माणसंही खाली कोकणात उतरतो. त्या अनुभवावरून सांगतो, या किनाऱ्यावर सहल कशी होणार हे गाडीत काय काय बसवलंय यावर फार थोडं ठरतं. रात्री कोणाच्या अंगणात जागा मिळते, यावर जवळजवळ सगळं ठरतं. म्हणून आधी वाळूचं बोलतो, मग अंगणाचं.

ट्रॅव्हलरमध्ये पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, भांडीकुंडी आणि पाच माणसं चढली की वजन साडेतीन-चार टनांच्या घरात जातं. जोर मागच्या चाकांवर, भारही जास्त मागेच. कोरड्या वाळूत अशी गाडी स्वतःच्या लांबीइतकीसुद्धा पुढे जात नाही, चाकं जागच्या जागी खड्डा खणतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते ओल्या वाळूकडे वळतात. संध्याकाळच्या ओहोटीला शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर उभं राहिलं तर ती ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट आणि सपाट दिसते. घात तिथेच होतो, आणि तो का होतो हे पंचांगावरून समजून घेता येतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा साधारण तास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हा मुंबईकडचा हिशोब झाला. मालवण, गोवा, कारवारकडे भरती त्याच्या थोडी आधी येते, पण अंदाजाला पुरतो. रोज ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता यातली खरी गोष्ट बघा. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं, पाणी सर्वांत वर चढतं, आणि ते चढतं भर दुपारी आणि रात्री झोपेच्या वेळी. म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी पाच-सहाला पुरी ओहोटी असते, किनारा कधी नव्हे इतका रुंद दिसतो. प्रवासी नेमके त्याच वेळी पोचतात. गाडी लावतात, जेवतात, झोपतात, आणि समुद्र त्यांच्या चाकांखाली येतो. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, गोवा-कारवारकडे तो साधारण दोन मीटर. आकडा लहान वाटतो, पण सपाट किनाऱ्यावर दोन मीटर उंची म्हणजे पाणी पन्नास-शंभर पावलं आत येतं. ओली वाळू पाणी प्यायली की चाकाभोवती सैल होते आणि मग मागची चाकं आसापर्यंत उतरायला फार वेळ लागत नाही.

गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालणं हा गुन्हाच आहे. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. भरतीरेषेच्या वर जांभळ्या फुलांची जी वेल पसरलेली दिसते ती मर्यादवेल. वाऱ्यानं उडणारी वाळू तीच धरून ठेवते आणि मागच्या माडाच्या बागा, विहिरी, घरं त्या वाळूच्या उंचवट्यामुळे टिकतात. चार टनांची गाडी त्यावरून एकदा गेली की वेल तुटते आणि पुढच्या पावसाळ्यात समुद्र तिथूनच आत शिरतो. त्याच पट्ट्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा अख्खी वाडी दोर ओढायला तिथे उभी असते. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायला येण्याचा काळ आहे, गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर त्यांची घरटी राखली जातात. रात्री गाडीचे दिवे समुद्राकडे असले तर वर येणारी मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालू लागतात.

तरीही रस्त्याच्या कडेला वळताना चाक वाळूत गेलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटर सोडा. जितकी रेस द्याल तितकं खोल. सगळ्यांना उतरवा, टाकीतलं पाणी सोडून वजन कमी करा, चाकांसमोरची वाळू हातानं उपसा, मागच्या टायरांतली हवा निम्म्यावर आणा आणि चाकाखाली पायपुसणी, फळ्या, झावळ्या, जे मिळेल ते घालून ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागे या. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर तिसरा करू नका, गावातला ट्रॅक्टर बोलवा. आणि हवा भरायचा छोटा पंप गाडीत नसेल तर हवा सोडू नका, कमी हवेवर रस्त्यावर चालवलेला टायर तापून फुटतो.

मग लावायची कुठे? किनाऱ्यामागे दोन-तीनशे मीटरवर जांभ्या दगडाची कठीण जमीन लागते. तिथे घरं आहेत, घरांपुढे खळं म्हणजे अंगण आहे, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच घरांनी निवास-न्याहारीची सोय केली आहे. शिरोडा, आरवली, वेंगुर्ला, भोगवे, देवबाग, तारकर्ली सगळीकडे. त्यांच्याकडे खोली न घेता फक्त गाडी लावायला जागा, पाणी आणि विजेचा एक प्लग मागता येतो. मात्र आयत्या वेळी दारात जाऊन मागू नका. अंधार पडल्यावर दारात आलेली एवढी मोठी गाडी कोणालाही नको वाटते. दोन-तीन दिवस आधी फोन करा, गाडीचा फोटो पाठवा, किती माणसं, म्हातारं माणूस सोबत आहे, किती रात्री, सगळं सांगा. आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच सांगा. नुसत्या जागेचे पैसे घेताना कोकणातला माणूस अवघडतो, जेवणाच्या ताटाचे पैसे मोकळेपणानं घेतो. त्यातून त्याचाही दिवस सुटतो आणि तुम्हाला गॅस पेटवावा लागत नाही.

फोनवर विचारायच्या गोष्टी म्हणजे घरापर्यंतची पाणंद किती रुंद आहे, वाटेत तारा आणि फांद्या किती खाली आहेत, अंगण पक्कं आहे की वाळूचं, आणि बाहेरून वापरता येईल असा संडास आहे का. ट्रॅव्हलर दोन मीटरच्या आसपास रुंद. छतावर एसी आणि सोलर चढलं की उंची पावणेतीन-तीन मीटर होते. कोकणातल्या पाणंदींना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात, समोरून रिक्षा आली तरी मागे जावं लागतं. आपल्या गाडीची उंची-रुंदी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. शेवटचे पाचशे मीटर आधी चालत जाऊन बघून या आणि मगच गाडी घाला. यात आळस करू नका.

माडाखाली गाडी लावायची नाही. सावली छान असते, पण नारळ किंवा वाळलेली झावळ पडली तर सोलर पॅनल आणि छताची खिडकी दोन्ही जातात, आणि बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर पडली तर काय, ते लिहवतही नाही. सुरूच्या बनात सावली मिळते, पण ती बनं बहुतेक ठिकाणी वनखात्याची, परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि खाली वाळक्या सुयांचा थर असल्यानं ठिणगीचंही भय. शिरोड्याची आणि गोकर्णाजवळ सानीकट्ट्याची मिठागरं जरूर दाखवा मुलांना, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडा आणि अंकोला ही दोन्ही गावं होती हेही सांगा. पण मिठागरांचे बांध मातीचे असतात, गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून चालत जा.

गाडीचं तोंड कुठे करायचं हे फार थोडे लोक पाहतात. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, रात्री उलट, जमिनीवरून समुद्राकडे. मुलांनी भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे वाचलेले असतील. सरकतं दार पश्चिमेकडे येईल अशी गाडी लावली तर दुपारभर आत वारा खेळतो. रात्री पूर्वेकडच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, जाळ्या लावून. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर रात्रीचा पारा साधारण वीस अंशांवर असतो, एवढ्यावर पंख्यात झोप लागते. तुम्ही निपाणीची थंडी अंगावर घेऊन गेलेल्या असाल, सुरुवातीला ती हवा दमट वाटेल, दुसऱ्या दिवशी अंग रुळतं. एप्रिल-मेमध्ये मात्र एसीशिवाय गाडीत झोपण्याचा विचार नको.

आता तारखा. ताई, २४ डिसेंबर ते २ जानेवारी हा आठवडा सोडा. त्या दिवसांत गोव्याचे किनारी रस्ते एवढ्या मोठ्या गाडीनं चालवणं म्हणजे नुसता ताण, आणि एकही अंगण रिकामं नसतं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचा आठवडा घ्या. मुलांची शाळा बुडते हे खरं, पण गर्दीत तासन्‌तास गाडीत कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरं. तारखा बदलणं शक्यच नसेल तर गोवा आणि गोकर्ण दोन्ही वगळा, आठही दिवस वेंगुर्ला-शिरोडा-मालवण एवढ्यातच काढा. काहीही कमी पडणार नाही. पावसाळ्यात या वाटेला मी कोणालाच पाठवत नाही. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली, आणि घाटांचे रस्ते त्या महिन्यांत कधी बंद होतील याचा भरवसा नसतो.

निपाणीहून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी हा तुमचा रस्ता. संकेश्वर-गडहिंग्लजवरून येणाराही आजऱ्यालाच मिळतो. बेळगावकरांनी शिनोळीवरून आंबोली गाठावी. बेळगावहून वेंगुर्ला सगळं मिळून १२० किलोमीटरच्या आसपास. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल याच बाजूनं वेंगुर्ल्याच्या बंदराला जात असे. चोर्ला घाट मला आवडतो, जांबोटी-कणकुंबीचं जंगल सुंदर आहे, पण तो साखळीत उतरवतो आणि तुम्हाला शिरोड्यापासून सुरुवात करायची आहे. तिलारीचा घाट कॅम्परसाठी नाही. उतार तीव्र, वळणं आखूड. भरलेल्या गाडीचे ब्रेक त्यात तापतात.

आंबोली उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढेल त्याच गिअरमध्ये उतरवा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वेग वाढला की एकदा घट्ट दाबून सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल खाली जायला लागलं तर रुंद जागा पाहून थांबा आणि अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्या, त्यावर पाणी मात्र ओतू नका. सकाळी नऊच्या आत आंबोलीला धुकं असतं, म्हणून निपाणीहून फार पहाटे निघण्यात अर्थ नाही. घाटात सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून बसायचं. मागे पलंगावर मुलं लोळतायत, हे दृश्य छान दिसतं आणि अचानक ब्रेक लागला की तीच मुलं ओट्याच्या कोपऱ्यावर जाऊन आदळतात. कपाटांना खटके आहेत का, गॅसची शेगडी पक्की बसवली आहे का, हे निघण्याआधी हातानं ओढून पाहा.

मुक्कामांचं सांगतो. सात रात्री सात गावं असं करू नका, म्हाताऱ्या माणसाला रोज नवी जागा सोसत नाही. तीन ठिकाणं पुरे. शिरोडा-आरवली परिसरात तीन रात्री. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, मुलं ते पाहून चकित होतात. मोचेमाड, सागरेश्वर, वेंगुर्ल्याचं बंदर सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. शिरोड्याहून गोव्यात जाताना तेरेखोल-केरीच्या फेरीबोटीच्या नादाला लागू नका, आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून पेडण्याकडे निघा. उत्तर गोवा न थांबता पार करा. हे माझं मत आहे, आणि ते ठाम आहे: हरमल ते कळंगुट या पट्ट्यात कॅम्परला जागा नाही, शांतता नाही, आणि अंगणांची पार्किंगं झाली आहेत.

दुसरा मुक्काम काणकोण तालुक्यात, गालजीबाग किंवा तळपण बाजूला, दोन रात्री. मडगावच्या पुढे करमल घाटात वळणं आहेत, दुपारी उजेडात पार करा. गालजीबागला सुरूची झाडं, शांत किनारा आणि कासवांची राखण आहे. तिथे रात्री बाहेरचा एकही दिवा लावायचा नाही. गोव्यात २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंडही मोठा आहे, तेव्हा शेगडी बाहेर काढून मासे तळायचा बेत असेल तर तो गाडीच्या आत किंवा घरमालकिणीच्या चुलीवर.

गोव्याच्या हद्दीवरचं पोळें ओलांडलं की कर्नाटकातलं माजाळी, मग कारवार. कारवारचा किनारा महामार्गाला लागूनच, दुपारी थांबून जेवायला ठीक, रात्रीला आवाज फार. तिसरा मुक्काम गोकर्ण गावात न करता आधी किंवा पुढे, कुमट्याच्या बाजूला एखाद्या बागायतीत दोन रात्री करा आणि गोकर्णाच्या महाबळेश्वर देवळात दर्शनाला रिक्षानं जा. गोकर्णाच्या बोळांत ट्रॅव्हलर शिरली की परत वळवता येत नाही. शिरोडा ते गोकर्ण सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आहे, त्याला आठवडा अगदी बरोबर. परत येताना अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, हुबळी आणि मग बेळगाव-निपाणीचा महामार्ग. तीनशे किलोमीटरच्या वर होतं, त्या एका दिवसात दुसरं काही ठेवू नका. अरबैल चढताना लॉऱ्यांच्या मागे हळूहळू जावं लागतं. इंजिनचा काटा वर सरकला तर एसी बंद करा.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला या वाटेवर एक फायदा आहे, तो वापरा. शिरोड्यात मराठी-मालवणी, काणकोणात कोंकणी, कुमट्यात कन्नड. पुण्या-मुंबईचा माणूस दोन ठिकाणी अडतो, तुम्ही कुठेच अडणार नाही. कुमट्याच्या घरात कन्नडमध्ये दोन वाक्यं बोललात की अंगणाचं फाटक वेगळ्याच आपुलकीनं उघडतं.

गाडीच्या आतलं. पाणी: माणशी दिवसाला दहा-बारा लिटर धरा, शंभर लिटरची टाकी दीड-दोन दिवस पुरते. समुद्रातून आल्यावर अंगावरची वाळू आणि खार घरमालकाच्या विहिरीवर बादलीनं काढा, विचारून. गाडीतल्या शॉवरनं खार काढायला गेलात तर पाच जणांत टाकी संपेल. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. संडास सुटी टाकी असलेला घ्या, कॅसेट म्हणतात तो. ती टाकी दर दोन दिवसांनी घराच्या संडासात रिकामी करायची, तेही आधी विचारून. खाडीत, माडाच्या आळ्यात किंवा वाळूत खड्डा करून कधीही नाही. किनाऱ्यावरच्या विहिरी उथळ असतात, वाळूतून सगळं झिरपून त्याच पाण्यात जातं, आणि ते पाणी त्या घरातली पोरं पितात. माझ्या ओळखीच्या काही घरांनी कॅम्परवाल्यांना जागा देणं बंद केलंय ते याच एका कारणानं.

गॅस: पाच किलोची टाकी पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि वास येईपर्यंत उशीर होतो. म्हणून टाकीच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे. गाडी घेताना वाकून ते पाहा. नसेल तर ती गाडी घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. रात्री आणि गाडी चालताना टाकीचा खटका बंद. एक सुकं अग्निशामक दाराजवळ.

वीज: १०० ॲम्पिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण बाराशे वॉट-अवर. छोटा फ्रिज दिवसाला चारशे-पाचशे खातो, दोन पंखे रात्रभर तीन-चारशे, दिवे आणि मोबाइल शंभर. छतावर तीनशे वॉटचं सोलर असेल तर हे सगळं थंडीच्या स्वच्छ उन्हात भरून निघतं. एसी मात्र तासाला हजार वॉट-अवरच्या आसपास ओढतो, बॅटरीवर तो तासाभरात सगळं संपवतो. एसी हवा तर घराचा सोळा ॲम्पिअरचा प्लग, जाड वायर, आणि गाडीत शॉक लागल्यास तोडणारा आरसीसीबी. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, तेव्हा टेस्टरनं पाहूनच जोडा, आणि त्या युनिटचे पैसे वेगळे द्या.

समुद्रात उतरण्याबद्दल थांबून सांगायला हवं. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची आठ माणसं बुडाली. बेळगावात ते कोणी विसरलेलं नाही. आपण पठारावरची माणसं, विहिरीत आणि नदीत पोहणारी. समुद्राची ओढ आपल्याला कळत नाही. दोन्ही बाजूंना फेसाळत्या लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टी शांत दिसतेय, तिथे बाहेर जाणारा प्रवाह असतो. नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ अरुंद असते. मुलं कमरेच्या वर पाण्यात नकोत, खाडीच्या मुखाशी कोणीच नको, आणि ओहोटी लागलेली असताना तर अजिबात नको. पोचल्या पोचल्या घरमालकाला विचारा, "इथे कुठे उतरायचं नाही?" तो बोट दाखवून सांगेल, आणि त्याचा शब्द शेवटचा माना.

भाड्याच्या गाडीला तीन राज्यं लागतात. पिवळ्या पाटीच्या गाडीचा परवाना आणि कर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्हीकडे चालतो का, हे मालकाकडून कागदावर घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी भाड्यानं देत असेल तर नको म्हणा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गोव्यातून निघताना कपाटात दारूच्या बाटल्या ठेवू नका, तपासणीत अख्खी गाडी रिकामी करावी लागते. घरी आल्यावर गाडी परत देण्याआधी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, खार चेसीच्या खाचांत बसला की गंज आतून चालतो. भाड्याची गाडी असली तरी ते करा.

स्वतःची बनवायची की नाही? जुनी प्रवासी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग ठोकले की कॅम्पर झाली, असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या वर्णनापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. नोंदणीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. जो कारागीर म्हणेल की कागदांचं नंतर बघू, त्याच्याकडे काम देऊ नका. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चौकशा वाढल्यात, पण वर्षातून दोन आठवडे फिरणाऱ्या घराला स्वतःची गाडी परवडत नाही. पाच-सहा आठवडे फिरणार असाल तरच विचार करा.

तो विचार करायचा असेल तर या सहलीत एक काम करा. सोबत टेप न्या आणि सासूबाई कुठे अडतात ते मोजा: जमिनीपासून पहिली पायरी किती उंच असली की त्यांना हात न धरता चढता येतं, पलंगाची उंची किती असली की उठताना गुडघा बोलत नाही, संडासात आधाराची दांडी कुठल्या बाजूला लागते, रात्री पलंगापासून संडासापर्यंत किती पावलं. ट्रॅव्हलरच्या दाराची पायरी त्यांना उंच पडणार हे मी आत्ताच सांगतो, त्यासाठी या सहलीलाही एक घसरणार नाही असं लाकडी स्टूल न्या. आकडे मिळाले की आराखडा त्यांच्यापासून सुरू करायचा. मुलं कुठेही झोपतात.